लसूण, रोहू आणि माझा सल्ला

शनिवारी सकाळी सात वाजता मोबाईल वाजला की समजायचं, एक तर प्रॉडक्शन सर्व्हर झोपलाय, नाहीतर इंदापूरहून मामांचा फोन. गेल्या जानेवारीत मामाच होते.

"आरं, तुझा लसूण चालंना. आजबी वीसेक मासं मेल्यात."

आता "तुझा लसूण" का, ते सांगतो. मामांचं प्लास्टिक कागद अंथरलेलं शेततळं आहे, त्यात रोहू आणि कटला. डिसेंबरात दोन-चार माशांच्या अंगावर लाल चट्टे दिसले. मामांनी मला विचारलं (भाचा कॉम्प्युटरवाला, म्हणजे त्याला सगळं येतं!) आणि आम्ही लगेच गूगलबाबांना शरण. २००७ सालचा एक शोधनिबंध सापडला. रोहूच्या पिल्लांना ६० दिवस लसूण मिसळलेलं खाद्य दिलं, किलोमागे १, ५ आणि १० ग्रॅम. मग त्यांना एरोमोनास हायड्रोफिला या जिवाणूची लागण केली. लसूण खाल्लेले मासे न खाल्लेल्यांपेक्षा जास्त जगले, रक्तातली प्रतिकारशक्ती दाखवणारे आकडेही वाढले. हळद, तुळस, अश्वगंधा, कडुनिंब यांच्यावरही असे प्रयोग झालेत. मी खूष! किलोला १० ग्रॅम, असा ठणठणीत मेसेज मामांना पाठवून दिला.

तर त्या शनिवारी गाडी काढली आणि सोलापूर हायवेला लागलो. मामांनी मत्स्यशास्त्र शिकलेल्या एका ताईंना बोलावलं होतं. मी उत्साहात म्हटलं, "एखादा मासा घेऊन तालुक्याच्या लॅबमध्ये सीबीसी करू या का?" त्या हसल्या. माणसाच्या पक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, माशाच्या पेशीत असतं. त्यामुळे माणसांसाठी बनवलेलं मशीन गोंधळतं, तांबड्या पेशी पांढऱ्या म्हणून मोजतं. माशाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली हातानं मोजाव्या लागतात. शिवाय मासा जाळ्यात घाबरला तरी प्लीहा आकसते, पेशी फुगतात आणि रक्तातलं पेशींचं प्रमाण वाढलेलं दिसतं. म्हणजे आकडा चांगला, पण मासा फक्त घाबरलेला. आपल्याकडेही डॅशबोर्ड हिरवा आणि युजर बोंबलतोय असं होतंच की!

मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मासे खातायत का?"

मामा म्हणाले, "थंडीनं कमी खात्यात. म्हणून तर लसूण वाढवला, खाद्य पण वाढवलं."

तळ्याच्या कडेला भिजून फुगलेलं खाद्य तरंगत होतं. ताईंनी एक रोहू धरला आणि कल्ल्यावरचं झाकण उचललं. लालभडक दिसायला हवेत ते कल्ले तपकिरी होते. शेपटीतून थोडं रक्त काढलं, तर रंग चॉकलेटसारखा. पाण्याच्या नमुन्यात किटमधले थेंब टाकले आणि रंग गडद झाला. नायट्राइट.

न खाल्लेलं खाद्य कुजतं, त्यातून अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि पुढे नायट्रेट. थंडीत ही शेवटची पायरी रेंगाळते. साठलेलं नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं रूप असं बदलतं, की त्याला ऑक्सिजन धरता येत नाही. पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. यावर लसणाचा काय उपयोग? आणि मुळात आजारी मासा खातच नाही, मग खाद्यातलं औषध त्याच्या पोटात जाणार कसं?

तो निबंध मी घरी येऊन पुन्हा वाचला. त्यात लसूण आधी दिला होता, लागण नंतर केली होती. मासे खात होते, पाणी सांभाळलेलं होतं. सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी फक्त निष्कर्ष वाचला होता. बॅकअप हा सर्व्हर पडायच्या आधी घ्यायचा असतो, हे मीच ज्युनियर पोरांना ऐकवतो!

खाद्य बंद केलं, थोडं थोडं पाणी बदललं आणि ताईंनी हिशोब करून दिला तेवढं मीठ टाकलं. मिठातलं क्लोराइड आणि नायट्राइट कल्ल्यांतून एकाच वाटेनं आत जातात. क्लोराइडची गर्दी झाली की नायट्राइटला शिरायला जागा मिळत नाही. चार-पाच दिवसांत मरणं थांबलं. तोवर शे-सव्वाशे मासे गेले होते. मामींनी पाटी भरभरून बांधावर पुरले. मला कुणी एक शब्द बोललं नाही, आणि तेच जास्त लागलं.

असो. मामा लसूण आजही घालतात, पण बेतानं, थंडीच्या आधी आणि मासे नीट खात असताना. पाण्याची तपासणी वहीत लिहितात. आणि मी नेटवरचं काही सांगायला फोन केला की मध्येच थांबवून विचारतात, "थांब. हे धडधाकट माशाचं हाय का आजारी माशाचं?"

आमच्या ऑफिसात इतका चांगला रिव्ह्यू कुणी करत नाही.