चावीतली पाचर

गाडी चालू होत नाही म्हणून फोन आला की मी आधी विचारतो, "काल काय केलंत?" माणसं चिडतात. अपचनाच्या पेशंटला "काल काय खाल्लं?" विचारावं तसं त्यांना वाटतं. उत्तरही ठरलेलं असतं, "काहीच नाही हो."

मग फोन चालू ठेवूनच चावी फिरवायला सांगतो आणि ऐकतो. काही गाड्यांत इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय गाडी चालू होऊ न देणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप, सेल्फच फिरू देत नाही. काहींत सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन धरत नाही. काहींत इंजिन चालू होतं आणि दोन सेकंदांत बंद पडतं. हे तिसरं फोनवरही बरंच कळतं. डिझेल न मिळालेलं इंजिन आचके देत मरतं, इमोबिलायझरनं थांबवलेलं मात्र कात्रीनं दोरा कापावा तसं.

हा कान आधी नव्हता. सुरुवातीच्या दिवसांत एका गाडीचा सेल्फ फिरत होता आणि मी थेट पंपावर शिक्का मारला. टाकी उतरवली, नवा पंप टाकला, गाडी ढिम्म. तिसऱ्या दिवशी मालकानं सहज घरातली दुसरी चावी आणली आणि पहिल्याच फेरीत इंजिन धरलं. तीन दिवस मीटरमध्ये चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत होता आणि मी गाडीखाली उताणा. त्या पंपाचे पैसे मी घेतले नाहीत. तेव्हापासून हत्यारांच्या आधी दुसरी चावी मागतो.

चावीच्या प्लॅस्टिकमध्ये एक चिप असते. कुठे काचेची बारीक नळी, कुठे काळी पाचर. तिला सेल लागत नाही. चावी घालायच्या कुलपाभोवती तारेचं एक कडं असतं, ते साधारण १२५ किलोहर्ट्झच्या लहरी सोडतं. त्यातूनच चिपला वीज मिळते आणि तेवढ्या उधारीवर ती आपलं उत्तर देते. अंतर दोन-चार बोटांचं. चावीतला गोल सेल असतो तो दारं उघडणाऱ्या रिमोटसाठी. म्हणून "दार उघडतंय म्हणजे चावी चांगली आहे" हे खरं नाही आणि गाडी चालू होईना म्हणून सेल बदलणं हेही व्यर्थ. बटण दाबून चालू होणाऱ्या गाड्यांची गोष्ट वेगळी. तिथे सेल संपला तर चावी ठरलेल्या जागी टेकवावी लागते, बहुतेकदा त्या बटणालाच.

दुसरी चावीही चालली नाही तर मी बॅटरीवर मीटर लावतो. उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताना ९च्याही खाली गेली, तर इमोबिलायझरच्या कंट्रोलरचं डोकं फिरू शकतं आणि तो ओळखीच्या चावीलाही ओळखत नाही. एकाच कड्यात दोन गाड्यांच्या चाव्या असल्या तरी कधी कधी गोंधळ होतो. दोघी एकदम बोलायला लागतात. स्कॅनर लावतो तो यानंतर. तो चावी ओळखली नाही एवढं सांगतो, का ओळखली नाही हे सांगत नाही.

काही जण म्हणतात, "दादा, ते इमोबिलायझरच काढून टाका." मी करत नाही. हे कुलूप अभेद्य नाही, मान्य. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी अशा एका चिपची ४० बिटांची गुप्त किल्ली फोडून दाखवली होती. पण तेवढा खटाटोप प्रत्येक चोर करत नाही.

तासगावकडच्या एका सरांची गाडी अशीच दारात अडकली होती. दिवा लुकलुकत होता, बॅटरी ठणठणीत. दुसरी चावी कधीच हरवलेली. "सर, काल काय केलंत?" "काही नाही." हातातल्या चावीकडे लक्ष गेलं, तर ती कोरी करकरीत.

"कव्हर बदललंत?"

"ते होय! ते चावीला केलं. गाडीला कुठं काय केलंय?"

किल्लीवाल्यानं पातं आणि रिमोटची पट्टी नव्या कव्हरात घातली होती, पाचर जुन्यातच राहिली होती. "जुनं कव्हर कुठाय?" यावर घरात पळापळ झाली. ते नातवाच्या खेळण्यांच्या डब्यात निघालं. रबरबँडनं मी ते नव्या चावीला बांधलं आणि फिरवलं. दिवा विझला, गाडी चालू. मग ब्लेडनं अलगद पाचर काढून नव्या कव्हरात बसवली. काम दहा मिनिटांचं. पैसे सांगितल्यावर सरांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि दिले.

नातू तोवर रडकुंडीला आला होता. मी रिकामं कव्हर त्याच्या हातात ठेवलं. निघताना पाहिलं, तर तो माझ्या स्कूटरवर ते रोखून बटण दाबत होता.