तीन दिवे, एक बटण

पीसी इंजिन्स या स्विस कंपनीचा एपीयू2 बोर्ड हातात आला, तेव्हा पहिला प्रश्न पडला तो याच्याशी बोलायचं कसं, हा. मॉनिटर जोडायची सोयच नाही. एका बाजूला नेटवर्कचे पोर्ट आणि नऊ पिनांचा सिरियल पोर्ट, दुसऱ्या बाजूला तीन हिरवे दिवे आणि एक बारीक बटण. असे बोर्ड फायरवॉल किंवा राउटर म्हणून कोपऱ्यात वर्षानुवर्षं चालत राहतात. मला त्यातला एक दिवा माझ्या प्रोग्रॅममधून लावायचा होता.

सिरियल केबल लॅपटॉपला जोडली, वेग 115200 ठेवला आणि काळ्या पडद्यावर अक्षरं सरकू लागली. लिनक्सनं प्रत्येक दिव्याला एक फोल्डर दिलेलं असतं आणि त्यात ‘ब्राइटनेस’ नावाची फाइल असते. तिच्यात 1 लिहिलं, दिवा लागला. 0 लिहिलं, विझला. फाइलमध्ये आकडा लिहिला की समोरची वस्तू उजळते, हे कितीतरी वेळ पटेना. ही फाइल डिस्कवर नसतेच. तिच्यात लिहिलेलं सरळ ड्रायव्हरच्या हाती पडतं.

मग ड्रायव्हरचा सोर्स उघडला आणि डोकं गरगरलं. दिव्यांच्या पिना 57, 58 आणि 59. प्रत्येक पिनेला एक 32 बिटांचं रजिस्टर. त्यातला बिट 23 ठरवतो की पिन आउटपुट आहे की नाही, आणि बिट 22 ठरवतो की तिच्यावर व्होल्टेज वर न्यायचं की खाली. गंमत पुढेच आहे: हे दिवे व्होल्टेज खाली गेल्यावर लागतात. म्हणजे मी फाइलमध्ये 1 लिहितो, तेव्हा रजिस्टरमधला बिट 22 हा 0 होतो. ही उलटापालट ड्रायव्हर गुपचूप करतो, म्हणून वरून काहीच जाणवत नाही. बटणाचंही तसंच: दाबलं की 0.

सगळ्यात जास्त वेळ मी घालवला तो वॉचडॉगवर. हे चिपमधलं एक टायमर आहे. त्याची डिव्हाइस फाइल उघडली की ते चालू होतं. ठरलेल्या वेळात, या टायमरच्या ड्रायव्हरमध्ये सहसा 60 सेकंदांत, तिच्यात काही लिहिलं नाही तर अख्खा बोर्ड रीसेट. नीट थांबवायचं असेल तर फाइल बंद करण्याआधी इंग्रजी ‘व्ही’ हे अक्षर लिहायचं. गच्चीवरच्या किंवा खेड्यातल्या टॉवरखालच्या, असा बोर्ड असलेल्या पेटीपर्यंत कोण धावत जाणार? तिनं आपलं आपण उठायला हवं.

वॉचडॉगला खबर द्यायला वेगळा थ्रेड ठेवणं सोपं असतं, पण मला ते धोक्याचं वाटतं. प्रोग्रॅममधला नेटवर्कची पॅकेट हाताळणारा भाग अडकला, तरी तो थ्रेड सगळं आलबेल असल्याचं सांगत राहील. म्हणून मी खबर देणारी ओळ प्रोग्रॅमच्या मुख्य लूपच्या शेवटी ठेवली, पॅकेट पुढे गेल्याची खात्री झाल्यानंतर.