फॉल, भोपळे आणि इंग्रजीचा तास

ऑक्टोबरमधलं बोस्टन म्हणजे लाल-केशरी मेपलची नुसती उधळण! शहराच्या मधोमध, बोस्टन कॉमनच्या कोपऱ्यावर पार्क स्ट्रीट चर्चचा उंच पांढरा मनोरा दिसतो. चर्चची स्थापना १८०९ची. १८२९मध्ये विल्यम लॉइड गॅरिसन इथेच गुलामगिरीविरुद्ध बोलला होता.

अमेरिकेतली बरीच चर्चेस परदेशातून नव्याने आलेल्यांसाठी इंग्रजीचे वर्ग घेतात, फुकट किंवा अगदी नाममात्र फीमध्ये. शिकवणारे बहुतेक स्वयंसेवक. फॉलमध्ये जोडीला सफरचंदं तोडायला बागेत सहल, हॅलोविनला भोपळे कोरणं आणि नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या थँक्सगिव्हिंगची मेजवानी.

‘इंग्रजी तर आपल्याला येतंच की!’ खरंय. पण एच-फोर व्हिसावर जोडीदाराबरोबर गेलेल्यांचं काय? २०१५पासून त्यातल्या काहींना कामाची परवानगी मिळू लागली, बाकीच्यांचा दिवस घरातच जातो. या वर्गात बसायला वर्क परमिट लागत नाही. कुठे कुठे बायबलवाचनही असतं. ते ऐच्छिक आहे ना, हे आधीच विचारून घ्या. आवडलं नाही, तर सरळ नाही म्हणा.

फॉलनंतर लांबलचक हिवाळा येतो. बर्फ पडायच्या आत चार ओळखी झालेल्या बऱ्या!