वडीचे माप

नाशिकमधील मध्यमवर्गीय घराचे फडताळ उघडले, तर पोह्यांच्या आणि साबुदाण्याच्या डब्यांशेजारी आज बहुधा एखादे रंगीत खोकेही उभे असते. ते केक मिक्सचे असते. मैदा, साखर, कोको आणि केक फुगवणारी पूड कारखान्यातच मोजून एकत्र केलेली असते. घरी दूध आणि लोणी घातले की काम भागते. कॉलेज रोडवरील मोठ्या दुकानांत ते मिळतेच, पण पंचवटीत माझ्या दवाखान्याशेजारच्या किराणा दुकानातही आता ते गुळाच्या ढेपेच्या वरच्या फळीवर मांडलेले दिसते.

पंचवटीत मी २७ वर्षे सर्वसाधारण वैद्यकीय व्यवसाय करते. ताप-खोकल्याचे औषध लिहून झाले की अनेक माता दारातून वळून विचारतात, "मॅडम, हे खोक्यातले मुलांना दिले तर चालेल का?" प्रश्न रास्त आहे. नवल इतकेच, की नारळाच्या वडीबद्दल, गुळपोळीबद्दल किंवा चिक्कीबद्दल हा प्रश्न मला क्वचितच कोणी विचारला. घरचे ते निर्धोक आणि खोक्यातले ते घातक, अशी सोपी वाटणी आपण मनाशी करून ठेवली आहे. ही वाटणी तपासून पाहावी असे मला गेल्या उन्हाळ्यात वाटले. निमित्त होते माझ्या भाचीने सुटीत करून पाहिलेल्या कॅरॅमल बारचे.

बार म्हणजे आपल्या भाषेत वडीच. प्रकार अमेरिकन आहे आणि सोपा आहे. चॉकलेट केक मिक्सचे २५० ग्रॅमचे एक खोके घ्यायचे. त्यात ८० ग्रॅम वितळलेले लोणी आणि तीन मोठे चमचे दूध घालून घट्ट गोळा मळायचा. २० सेंटिमीटरच्या चौकोनी डब्यात बटर पेपर घालून त्यावर अर्धा गोळा थापायचा आणि १८० अंशांवर दहा मिनिटे भाजून घ्यायचा. त्यावर कॅरॅमल ओतायचे, ६० ग्रॅम चॉकलेटचे तुकडे आणि तितकेच भाजलेले शेंगदाणे पसरायचे, उरलेला गोळा हाताने कुस्करून वर भुरभुरायचा आणि पुन्हा पंधरा-सतरा मिनिटे भाजायचे. पूर्ण निवल्यावर तासभर फ्रीजमध्ये ठेवून मगच वड्या कापायच्या. घाई केली तर कॅरॅमल वाहते आणि वडीचा शिरा होतो.

कॅरॅमल हा शब्द नवा, वस्तू मात्र आपल्या ओळखीची. जाड बुडाच्या पातेल्यात १०० ग्रॅम साखर पाण्याशिवाय मंद आचेवर वितळू द्यायची. मधासारखा रंग आला की आच बंद करून ५० ग्रॅम लोणी आणि मग १०० मिलिलिटर कोमट साय थोडी थोडी घालायची. दोन मिनिटे पुन्हा शिजवून थेंब थंड पाण्यात टाकावा. त्याची मऊ गोळी वळली की झाले. आपल्या आज्यांचा गोळीबंद पाक तो हाच. साखर एकटी तापवली की तिचे रेणू तुटून बदामी रंग व किंचित कडसर चव येते. दूध आणि साखर एकत्र आटवली, तर दुधातील प्रथिने आणि शर्करा यांच्यात आणखी एक प्रक्रिया घडते. लुई कामिय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने तिचे वर्णन १९१२ साली केले. बेळगावच्या कुंद्याचा तपकिरी रंग आणि साताऱ्याच्या कंदी पेढ्याचा खरपूस वास यांमागे हीच प्रक्रिया आहे. या चवीची ओढ आपल्याला कोणा परक्याने लावलेली नाही.

खोक्याचा इतिहासही आपल्याला वाटतो तितका परका नाही. पिट्सबर्ग येथील डफ कंपनी मुळात उसाच्या मळीचा व्यापार करीत असे. शिल्लक मळीचे करायचे काय, या विचारातून जॉन डफ यांनी ती पिठाबरोबर सुकवून आल्याच्या केकचे तयार मिश्रण बनवले. १९३० साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३३ साली ते मिळाले. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राला मळी म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. आपल्याकडेही पुण्याच्या गिट्सने १९६३ पासून तयार मिश्रणांचा धंदा उभा केला, आणि गुलाबजामचे पाकीट दिवाळीत आणताना आता कोणाला अपराधी वाटत नाही. मिश्रण मोजून कोणी ठेवले, कारखान्याने की घरच्या सुगरणीने, यावर त्यातील साखरेचा शरीरावरील परिणाम ठरत नाही.

तो ठरतो साखरेच्या मापावर. ते माप खोक्यावर छापलेले असते, ही खोक्याची एक चांगली बाजू आहे. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार पाकीटबंद पदार्थावर ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, एकूण साखर, वरून घातलेली साखर, स्निग्ध पदार्थ आणि सोडियम यांचे आकडे द्यावे लागतात. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. जो घटक आधी लिहिला, तो अधिक. साखर पहिल्या किंवा दुसऱ्या क्रमांकावर दिसली, की पुढचे समजून घ्यावे.

भाचीला आणि मला मिळून आमच्या डब्याचा हिशेब मांडायला दहा मिनिटे लागली. आमच्या खोक्यावर १०० ग्रॅममागे ४२ ग्रॅम साखर लिहिली होती. म्हणजे सबंध खोक्यात १०५ ग्रॅम. कॅरॅमलची १०० ग्रॅम. चॉकलेटमध्ये निम्मी साखर धरली तर ३० ग्रॅम. एकूण २३५ ग्रॅम. लोणी, साय आणि शेंगदाणे धरून सबंध डब्याचे उष्मांक सुमारे ३,३०० भरले. मूळ अमेरिकन पद्धतीने बऱ्याचदा अशा डब्याचे नऊ मोठे चौकोन कापतात. तसे केले तर एका वडीत २६ ग्रॅम साखर आणि साडेतीनशेहून अधिक उष्मांक येतात. हे उष्मांक मध्यम आकाराच्या तीन पोळ्यांइतके झाले, आणि ते जेवणानंतर, पोट भरलेले असताना पोटात जातात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की वरून घातलेल्या साखरेतून, तसेच मध आणि फळांच्या रसांतील साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी असावी. पाच टक्क्यांखाली ठेवता आली तर अधिक बरे. दोन हजार उष्मांकांच्या आहारात याचा अर्थ ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम असा होतो. नऊ तुकड्यांतील एक तुकडा खाल्ला, की ही दुसरी मर्यादा एका बैठकीत ओलांडली जाते. दिवसभराचा चहा अजून मोजायचाच असतो.

मग आम्ही सुरी घेतली आणि तोच डबा सहा गुणिले सहा असा कापला. ३६ वड्या झाल्या. एकेक वडी पेढ्याएवढी. साखर साडेसहा ग्रॅम, उष्मांक सुमारे ९०. पदार्थ तोच, चव तीच. डॉक्टरांच्या भाषेत सांगायचे तर औषध तेच राहिले, मात्रा बदलली. गोडाच्या बाबतीत मात्रा ठरवण्याचे सर्वांत सोपे साधन सुरी हेच आहे. चौथी वडी घ्यायला उठावे लागते, हात पुढे करावा लागतो आणि तेवढ्यात माणूस विचार करतो.

हा हिशेब मी केवळ रुग्णांसाठी करीत नाही. माझे तीन महिन्यांच्या साखरेचे प्रमाण, म्हणजे एचबीए१सी, ६.१ आहे. ५.७ ते ६.४ ही मधुमेहपूर्व अवस्था. माझ्या वडिलांना मधुमेह होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक माझ्यासारखे उंबरठ्यावर उभे आहेत. उंबरठ्यावरून मागे फिरता येते, हे मी रुग्णांना रोज सांगते. म्हणून मलाही वडी मोजूनच घ्यावी लागते.

आता हाच हिशेब घरच्या वडीला लावून पाहा. नारळाच्या वडीत खोबऱ्याइतकीच साखर घालण्याची रीत अनेक घरांत आहे. ३० ग्रॅमच्या वडीत निदान १५ ग्रॅम साखर आली. शेंगदाण्याच्या चिक्कीत गूळ आणि दाणे बहुधा समान असतात. गुळात थोडी खनिजे असतात हे खरे, पण गुळाचा बहुतेक भाग साखरच असते, आणि रक्तात गेल्यावर तिला गुळाचा मान मिळत नाही. "मी साखर सोडली, गूळच घेते," असे समाधानाने सांगणारे मधुमेही मला दर आठवड्याला भेटतात. घरच्या डब्यावर लेबल नसते. ते आपल्याला मनात लावावे लागते.

ओव्हनपाशी मुले असली, तर आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. वितळलेल्या साखरेचे तापमान १६० ते १७० अंशांपर्यंत जाते आणि ती त्वचेला चिकटून राहते. म्हणून तिचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्याहून खोल जातो. लहान मुलांना कॅरॅमलच्या पातेल्यापासून दूर ठेवावे. भाजलेच, तर अंगठी आणि बांगड्या लगेच काढून भाग नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद किंवा शाई लावू नये. चिकटलेली साखर ओढून काढू नये. चेहरा, हात किंवा सांधा भाजला असेल, किंवा फोड मोठे असतील, तर डॉक्टरांकडे जावे. कच्च्या पिठाचे बोट चाटण्याची सवयही मोडावी. मैदा हे कच्चे धान्यच असते आणि त्यात रोगजंतू असू शकतात. २०२१ साली अमेरिकेत केक मिक्सच्या कच्च्या पिठातून ई. कोलायची साथ उद्भवली होती. चार वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, कारण ते श्वासनलिकेत अडकू शकतात. कॅरॅमल दातांना चिकटून राहते. म्हणून वडी जेवणाबरोबरच द्यावी आणि नंतर चूळ भरायला लावावी.

हे सारे माप आणि पथ्य सांगताना मला नेहमी एका आजींची आठवण येते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. जुन्या नाशकातील सत्तरी ओलांडलेल्या या आजींना चौदा वर्षांचा मधुमेह. त्यांच्या नातीने असेच खोक्यातले बार केले. आजींपासून लपवायचे म्हणून डबा माळ्यावर ठेवला गेला. रात्री सगळे झोपल्यावर आजींनी स्टुलावर चढून डबा काढला आणि पाच मोठे तुकडे खाल्ले. सकाळी साखर ३४० निघाली. मुलगा त्यांना माझ्याकडे घेऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्हीच आता हिला रागवा."

मला साखरेपेक्षा स्टुलाची भीती वाटली. या वयात खुब्याचे हाड मोडले तर माणूस अंथरुणाला खिळतो. आजी मान खाली घालून बसल्या होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, आयुष्यभर या घरच्या वड्या मी पाडल्या. आता माझ्या पुढ्यातून डबा उचलून नेतात."

मी औषधांच्या वेळा नीट लावून दिल्या, घरी साखर तपासून लिहून ठेवायला सांगितले. त्याशिवाय एक गोष्ट लिहून दिली: घरात गोड झाले की वड्या आजींनी पाडायच्या, पेढ्याएवढ्या, आणि रविवारच्या दुपारी जेवणाबरोबर त्यातील एक त्यांनी घ्यायची, त्या जेवणात भात टाळायचा. मधुमेह असलेल्या प्रत्येकाला हा नियम लागू पडेल असे नाही. आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. या घरात मात्र तो पाळला गेला. गोळ्याही वेळेवर घेतल्या गेल्या. तीन महिन्यांनी त्यांचे एचबीए१सी ९.४ वरून ८.२ वर आले. त्यात मोठा वाटा गोळ्यांचा, हे मी जाणते. पण गोळ्या वेळेवर घ्यायला ज्या मनाची गरज असते, ते मन रुसलेले असून चालत नाही. स्टूल आता माळ्याखाली लागत नाही. नातीने आजींना मोजपट्टी आणून दिली, तेव्हा त्यांनी ती बाजूला सारली आणि नजरेनेच ३६ सारख्या वड्या पाडल्या, असे तिने मला कौतुकाने सांगितले.

तेव्हा खोके आणायचे की नाही हा प्रश्न दुय्यम आहे. आणले तर त्याची मागची बाजू आधी वाचावी. घरी केले तर साखर वजन करून घालावी आणि आकडा डब्यावर चिकटवावा. वड्या लहान पाडाव्यात. घरात चार माणसे असतील तर चार वड्या ताटांत वाढाव्यात, काही शेजारी द्याव्यात आणि उरलेल्या झाकून फ्रीजमध्ये ठेवाव्यात. डबा मात्र कोणापासून लपवू नये.