घामातले सोडियम, रक्तातले सोडियम

कोलकात्याच्या एस्प्लनेडहून पावसाळ्यातल्या पहाटे मैदानाकडे धावत निघालेल्या माणसाचा सदरा थोड्याच वेळात अंगाला चिकटतो. हवा आधीच बाष्पाने भरलेली. घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. वाळणारा एक ग्रॅम घाम सुमारे 2.4 किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, ओघळणारा जवळजवळ काहीच नेत नाही. पाणी तर गेले, आणि गारवाही मिळाला नाही.

अशा धावपटूच्या दंडावर आता घाम मोजणारी पट्टी असू शकते. सोडियमची संहती दहापट वाढली की तिच्यातील इलेक्ट्रोडचे विभव सुमारे 59 मिलिव्होल्टने बदलते. मापन सुबक आहे. अर्थ लावणे अवघड. घाम वेगाने सुटला की ग्रंथीच्या नलिकेला सोडियम परत शोषून घ्यायला अवधी उरत नाही, म्हणून तो अधिक खारट होतो. ऑगस्टमधल्या सरावाचे आकडे डिसेंबरात रेड रोडवर होणाऱ्या 25 किलोमीटरच्या शर्यतीला तसेच्या तसे लावता येत नाहीत.

शिवाय घामातले सोडियम म्हणजे रक्तातले नव्हे. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्क्यांच्या रक्तातील सोडियम घटलेले आढळले. शर्यतीत वजन वाढलेल्यांना हा धोका अधिक होता. गमावले त्याहून जास्त पाणी ते प्यायले होते. अशा अतिपानाने मेंदूला सूज येऊन मृत्यूही ओढवतो.

ही चूक पकडायला पट्टीही लागत नाही. धावण्यापूर्वी आणि नंतर, अंग पुसून, साध्या काट्यावर उभे राहायचे. काटा वर सरकला असेल तर पुढच्या वेळी बाटली लहान घ्यायची.