खालच्याचं ऊन

डिसेंबरात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर चढाईला जायचं, तर रूटच्या ग्रेडआधी कड्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघावं लागतं. डॉर्सेटमधलं पोर्टलंड या बाबतीत सोयीचं. जेमतेम सहा किलोमीटर लांबीचं हे चुनखडीचं बेट चेसिलच्या गोट्यांच्या बांधाने किनाऱ्याला जोडलेलं आहे. पूर्वेकडच्या कटिंग्ज कड्यावर सकाळचं ऊन, पश्चिमेच्या ब्लॅकनॉर कड्यावर दुपारचं. नैऋत्येचा वारा सुटला असेल तर ब्लॅकनॉरचा नाद सोडायचा आणि कटिंग्जच्या आडोशाला जायचं.

डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून 16 अंशांच्या आसपासच असतो आणि चारला मावळतो. पण ते पथ्यावरच पडतं. हे तिरपं ऊन जमिनीला नुसतं चाटून जातं, उन्हाकडे तोंड केलेल्या उभ्या कातळाला मात्र समोरून भिडतं. वारा पडला की लोक स्वेटर काढून चढतात.

खरं सांगायचं तर, चढणाऱ्याला ऊन फारसं लागतच नाही. गार कातळावर बोटांना घाम येत नाही, बुटाचं रबर छान धरतं. अवघड रूट थंडीतच जमतात. ऊन हवं असतं ते खाली बिलेला, म्हणजे रोप सांभाळत, उभ्या असलेल्याला. वरचा क्रक्सशी झटत असतो, आणि खालचा मान वर करून, जागचं न हलता गारठत असतो. त्याची बोटं बधिर झाली की रोप सोडायला उशीर होतो. क्विकड्रॉमध्ये अडकवायला रोप ओढावा आणि तो यावाच नये, यासारखा संताप नाही. म्हणून दिवस आखायचा तो खालच्याच्या उन्हाप्रमाणे.

सह्याद्रीच्या बेसॉल्टवर घडलेल्या माझ्या हाताला हा दगड सुरुवातीला परकाच वाटला. आपला कातळ लाव्ह्याचा, हा समुद्रतळाशी साचलेला. इथल्या ‘रोच’ थरात शंख-शिंपले विरघळून गेलेत, त्यांच्या आकाराची भोकं तेवढी उरलीत. लंडनचं सेंट पॉल्स कॅथीड्रल बांधलं ते याच बेटाच्या दगडाने. ब्लॅकनॉरवर झिरपत्या पाण्यातला चुना मेणबत्तीच्या मेणासारखा ओघळून थिजलाय. त्याचे फुगवटे पकडायला सुरेख, पण लख्ख उन्हातही ते फसवू शकतात. पावसाचं पाणी आतून पुढे कितीतरी दिवस पाझरत राहतं. वरवर कोरड्या दिसणाऱ्या भोकात बोटं घातली, की चॉकचं पिठलं होऊन बाहेर येतं. अशा वेळी चिडून उपयोग नाही, शेजारचा रूट धरायचा.

साडेतीननंतर मी नवीन काही सुरू करत नाही. राहिलेले क्विकड्रॉ काढायला कुणी जायचं, यावर मात्र रोज वाद होतो. माझ्या मते दिवसभरात ज्याने बिले कमी केलं त्याने. माझ्या पार्टनरला हा हिशेब अजून मान्य नाही.