मेणाची बोट

1975 साल आमच्या शाळेला दुहेरी निरोपाचे गेले. जुनी अकरावी आणि नवी दहावी, दोन्ही वर्गांची पोरे एकदमच बाहेर पडायची होती. उपनगरातली पाद्र्यांची मुलांची शाळा. मी तिथे मराठी शिकवीत असे. शेवटचा निबंध दिला, 'मी कोण होणार?' कुणी इंजिनियर, कुणी बँकेत, कुणी आखातात. (एकाने 'मराठीचा मास्तर सोडून काहीही' असे लिहिले. त्याला मी दहापैकी आठ दिले!)

एका अबोल मुलाने लिहिले होते, 'मी गोरेगावच्या सेमिनरीत जावे, पाद्री व्हावे, असा आईचा नवस आहे. पण सप्टेंबरात मोतमावलीच्या जत्रेला ती मेणबत्ती लावीत होती, तेव्हा मी मेणाची बोट वाहिली. मला जहाजावर जायचे आहे.' खाली बारीक अक्षरांत, 'सर, आईला सांगू नका.'

आठवड्याने माउली दारात उभी. "मास्तर, पोरानं काय लिवलंय?"

वही टेबलावरच होती. मी म्हणालो, "शुद्धलेखन सुधारलंय त्याचं."

ती वहीकडे पाहत राहिली. मग पदर सावरीत म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, मास्तर. बोट मी बघितलीय."